नाव घालणे, शुक्रवारी नेतील

नागापूर, एमआयडीसी
दि. १४ सप्टेंबर २०२५, रविवार

चि. भिमाजीस,

अक्काचा आशीर्वाद. आमचं इकडं बरं चाललंय. तुझ्या दाजींचे गुडघे दुखतात, पण ते दुखणं त्यांचं लाडकं आहे, त्याशिवाय त्यांना बोलायला विषय नाही. तिकडं तुमचं बरं असेल. तुझी ज्ञानेश्वरी आता नववीला का दहावीला? मला माहीत नाही. नऊ वर्षांत कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी भांडते आणि तू ठेवून देतोस. कागदावर माझा हात हळू चालतो. चौथीतून काढलेल्या पोरीचा हात, एकेक अक्षर जुळवावं लागतं, म्हणजे भांडण पण हळूच होईल. आणि कागद तुला मधेच कट करता यायचा नाही. फाडायचा तर फाड, पण सगळा वाचून फाड. सोबत खोकं पाठवलंय ते आत्ता उघडू नको. आधी हे वाच, आणि आरतीला समोर बसवून मोठ्यानं वाच.

खोक्यात काय आहे ते सांगते. आईचा दिवा आहे.

हां, तोच. स्वयंपाकघरात खुंटीला असायचा तो भिंतीचा पितळी दिवा. खाली रॉकेलची टाकी, वर काच, आणि मागं उजेड फेकायला ती गोल पितळी पाटी. लगेच "बघ, अक्कानंच नेला होता" असं म्हणून मान हलवू नको. बायकोकडं बघू पण नको. तोंड मिटून पुढं वाच.

मी दोन वर्षं झाली इथं एका कारखान्यात कामाला जाते. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. मालक अनिमेष म्हणून आहे, तिशीतला, शिकलेला, केस मागं बांधतो. तो जुन्या घरांतले, देवळांतले, भंगारातले भिंतीचे दिवे विकत घेतो. आम्ही ते सोडवतो, धुतो, ठोकतो, फुटक्या जागी कथलाचा डाग देतो. मग तो आतून वायर काढून बल्ब बसवतो आणि सावेडीतल्या नाहीतर पुण्यातल्या नव्या बंगल्यांत ते दिवे लागतात. जिन्याच्या भिंतीवर, पलंगाच्या दोन्ही बाजूला. ज्या दिव्याखाली आपण डोळे फोडून घेतले तो आता लोक हौसेनं लावतात. बटण दाबलं की पिवळा उजेड पडतो, काजळी नाही, वास नाही.

पहिल्याच आठवड्यात मी तीन दिवे चिंच आणि राख लावून असे घासले की तोंड दिसावं. वाटलं, मालक खूश होईल. त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "अहो ताई, याचं म्हातारपण घालवलंत तुम्ही! गिऱ्हाईक म्हातारपणाचेच तर पैसे देतं."

म्हणलं, "मग मला लावा की भितीला. माझं रोज वाढतंय."

हसला बिचारा. पण गंमत पुढं आहे. काळा डाग, पोचा, हिरवा कीट, ते सगळं ठेवायचं. नाव मात्र काढायचं. तुला आठवत असेल, भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालतात तसं या दिव्यांवर पण असतं. सौ. अमकीस, माहेरची भेट. तमक्याच्या लग्नात मामाकडून. ते त्याला नको. म्हणतो, लोकांच्या भिंतीवर परक्याचं नाव बरं दिसत नाही. म्हणजे वस्तू जुनी पाहिजे आणि माणूस नको. ते नाव काढायचं काम माझं. मेण लावलेलं कापडी चाक गरगर फिरतं, त्यावर नावाची जागा धरायची. दिवसाला सात-आठ बाया मी पुसते. कुणी कधी तक्रार केली नाही.

गेल्या महिन्यात शेवगावहून गोणी आली. गहिनीनाथ तांबटाचं भांड्यांचं दुकान आठवतं का? म्हाताऱ्यानं दुकान बंद केलं आणि जुना पडून राहिलेला माल सगळा एकदम विकला. गोणी मी उलटी केली आणि पहिलाच दिवा हातात आला तो हा. टाकीवर तो काजूसारखा डाग. तू घरात चेंडूफळी खेळताना दिवा पाडलास, टाकी फुटली, आणि मार मी खाल्ला. तो डाग मी आंधळी झाले तरी बोटानं ओळखीन. तिथंच गोणीवर बसले.

आणि काय आठवलं असेल मला? आई नाही आठवली. तिचा दहावा आठवला. तुझं तोंड आठवलं.

बायकामाणसं जेवायला बसलेली, पंगत चाललेली, आणि तू सगळ्यांसमोर विचारलंस, "अक्का, आईचा दिवा तू नेला का?" माझ्या हातातला घास हातात राहिला. मी म्हणलं, "तुझ्या बायकोला विचार. घरात ती असती, मी न्हाई." मग मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आरती पदर तोंडाला लावून उभी राहिली, आणि मी म्हणलं, रड, चोरी पचंना म्हणून रड. तसंच ताटावरून उठले. नऊ वर्षं राखी नाही, भाऊबीज नाही, ज्ञानेश्वरीच्या वाढदिवसाला आशीर्वाद नाही. नऊ वर्षं मी नागापूरच्या प्रत्येक ओळखीच्या बाईला सांगितलं की माझ्या भावजयीनं आईचा दिवा विकला.

दिवा कुणीच नेला नव्हता, भिमा. दिव्याला सुतळीनं एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता. शाई उडाली होती पण वाचता आलं. "रंगुबाई. नाव घालणे. शुक्रवारी नेतील."

आईनं स्वतः नेऊन टाकला होता तांबटाकडं. सोमवारी टाकला. बुधवारी तिला झटका आला. शुक्रवारी ती नगरच्या दवाखान्यात होती, तोंड वाकडं झालेलं, जीभ गेलेली. शनिवारी गेली.

आता शुक्रवार आठव. आई डाव्या हाताचं बोट सारखं भिंतीकडं करत होती. आरती म्हणाली, उजेड डोळ्यावर येत असंल. मी उठून ट्यूब बंद केली. आईनं आणखी जोरात बोट केलं. मी लावली. बोट तसंच. बंद केली. लावली. तू म्हणालास, "अक्का, खेळ लावलाय का?" आणि आईनं डोळे मिटले ते कंटाळून मिटले, मला आता पक्कं वाटतं. शुक्रवार होता रे. ती सांगत होती, दिवा आणा. आणि तिची ही दोन शहाणी लेकरं बटणं दाबत बसली.

नाव कुणाचं घातलंय, ते सांगते. पण त्याच्या आधी तुझी घरभरणी सांगितली पाहिजे.

तू दोन खोल्यांवर स्लॅब टाकलास, घरभरणी काढलीस, आणि मला बोलवायला कोण? आरतीचा फोन! सख्ख्या बहिणीला, जिनं तुला कडेवर वागवलं तिला, फोन! तुला नागापूरपर्यंत यायला काय झालं होतं? शेवगावच्या सोयऱ्यांच्या दारात जाऊन अक्षदा दिल्यास. मी त्याच दिवशी ठरवलं, जाईन पण हात हलवत जाईन. आले तशी. ना साडी, ना भांडं, ना नारळ. जेवले, ओटी न घेता उंबरा उतरले. मागून बायका कुजबुजत होत्या, "नणंदेनं काय आणलं गं?" आणि आरतीचा आवाज आला, "वन्सं आल्या हेच लई झालं." हसल्या सगळ्या. मला वाटलं, टोमणा मारला. तो टोमणा मी तीन महिने चघळत होते, आणि आई गेल्यावर दहाव्याला तिच्या अंगावर थुंकला.

आता दिव्यावरचं नाव. मागच्या पाटीवर खाली चार ओळी आहेत. आहे तसं उतरवते.

सौ. आरती भिमाजी हिस
घरभरणीनिमित्त
नणंद सौ. गोजरबाई हिचेकडून
... भेट

हां. मी नाही दिलेली भेट, माझ्या नावानं. बायकोला तुझ्या. भेटच्या आधी एक शब्द होता, तो झिजलाय. जुनी वस्तू आहे, झिजणारच.

दाजी जेवायला हाका मारतात. राहिलेलं उद्या लिहिते.

मंगळवार

काल लिहिलं नाही. कालचा दिवस नुसता राग राग केला. दाजींवर, भाजीवाल्यावर, नळाच्या पाण्यावर. कारण वर एक गोष्ट मी खोटी लिहिली आहे. कागद फाडून नवा घेणार होते. पण म्हणलं, राहू दे. बाई कशी आहे ते तुम्हाला दिसू दे.

तो शब्द झिजला नाही. नऊ वर्षं फळीवर पडलेल्या दिव्याचा एकच शब्द कसा झिजेल? तुलाही कळलं असेल. तो मी घासला.

गोणी आली त्याच दिवशी. धूळ पुसली, चष्मा लावला, एकेक अक्षर जुळवत वाचलं, आणि माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. आधी आईवर. मला न विचारता माझं नाव घालणारी ही कोण? मी दिलं नाही ते दिलं म्हणून पितळेवर ठोकून ठेवायचं? मग तुझ्यावर. मग आरतीवर, की हिच्यासाठी आईनं आपल्या खुंटीवरचा दिवा काढावा. तो दिवा मला पाहिजे होता! कधी बोलले नाही, पण मला पाहिजे होता. आई ती पाटी फिरवून सगळा उजेड तुझ्या पुस्तकावर टाकायची आणि मी अंधारात पीठ मळायची. म्हणलं होतं, कधीतरी ही पाटी माझ्याकडं फिरेल.

चाक चालूच होतं. मी "सप्रेम" त्याच्यावर धरलं. बाकीचं खोटं असलं तरी एक वेळ खपवून घेतलं असतं, पण हे कशाला? प्रेम नव्हतं माझं. एका घटकेत तीन अक्षरं गेली. पुढं आरतीचं नाव धरणार होते.

तेवढ्यात अनिमेष आला. पाटी बघून म्हणाला, "ताई, सगळं काढा ना. अर्धवट का थांबलात?"

मी म्हणलं, "हा दिवा विकायचा न्हाई."

"अहो, माल घेतानाच गिऱ्हाईकाला फोटो गेलाय! सावेडीत त्यांनी जिन्याची भिंत रंगवून वायर बाहेर काढून ठेवलीय."

"फोटोच लावा म्हणावं भितीला."

"ताई, असा दिवा परत मिळत नाही."

"मग मी तेच सांगती का दुसरं?"

लई वाद झाला. शेवटी मी त्याला पाटी वाचायला लावली. वाचून झाल्यावर विचारलं, "गोजरबाई म्हणजे तुम्हीच ना?" आणि चाकाचं बटण बंद केलं. दिवा त्यानं कसा सोडला ते विचारू नको, माझं मी बघीन. तुला मधे पडायचं काम नाही.

पण मला चैन पडेना. परवाच्या गुरुवारी खाडा करून एसटीनं शेवगावला गेले. गहिनीनाथ तांबट घराच्या ओट्यावर बसलेला, हात कापतात आता, पण डोकं शाबूत. पुठ्ठा दाखवला. त्यानं दोनदा वाचला आणि मलाच फैलावर घेतलं. "नऊ वर्सं झाली! शुक्रवारी येनार हुती रंगुबाई. किती शुक्रवार वाट बघायची मानसानं?"

म्हणलं, "आई गेली, बाबा."

"कोनी सांगितलं न्हाई," म्हणाला. "मी पुसून ठेवायचो अधनंमधनं. म्हणलं, नाव घातलेली वस्तू हाय, दुसऱ्याला देता येत न्हाई. दुकान मोडलं तवा पोरानं मला न इचारता समदंच गोणीत घातलं." मग विचारलं, "तू कोन तिची?"

"गोजर."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "अगं, मग दिवा तुझाच की. तूच देनार हुतीस न्हवं भावजयीला?"

मी विचारलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? तर म्हणाला, तुझी आईच पायरीवर बसून सांगत होती. घरभरणीला बायकांनी फार टोचलं, नणंदेनं काय आणलं, नणंदेनं काय आणलं. तेव्हा सून म्हणाली, वन्सं आल्या हेच लई झालं. तरी बायका गप बसंनात, तर तिनं खुंटीवरच्या दिव्याकडं बोट करून सांगितलं, "त्यो दिवा वन्सं उजळून, नाव घालून देनार हायती मला. इसरल्या न्हाईत त्या." आणि आईनं ते ऐकलं. तांबटाला म्हणाली, "सुनंनं माझ्या लेकीची अब्रू झाकली. आता दिवा खरंच दिला पायजे का न्हाई?"

समजलं का भिमा? आरती खोटं बोलली होती, माझ्यासाठी. त्या हसण्यात मला जे ऐकू आलं ते कुणी बोललंच नव्हतं. आणि तू दहाव्याला विचारलंस ते का विचारलंस, ते आता डोक्यात शिरलं. तुला वाटलं, अक्का दिवा उजळायला घेऊन गेली. साधं विचारलं होतंस. मी चोर ऐकलं. पण तू पण बैलच! पंगतीत विचारतात का? बाजूला घेऊन विचारायला तोंड दुखत होतं? आणि मी बायकोवर तुटून पडले तेव्हा तुझ्या तोंडात काय होतं, बुंदी?

तांबट पुढं म्हणाला, "पाटीवर जागा कमी पडत हुती. मी म्हणलं, रंगुबाई, सप्रेम काढू का? आमी ते आपलं समद्याच भांड्यांवर घालतो. तर म्हणली, बाकी काय बी काढ, तेवढं ऱ्हाऊ दे. म्हणली, लेक तोंडानं म्हणायची न्हाई कवा."

मी ओट्यावरून उठले. चहा ठेवला होता त्याच्या सुनेनं, तो पण घेतला नाही. एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले. शेजारची बाई विचारत होती, "काय झालं ओ मावशी?" तिला म्हणलं, तुझं तिकीट सांभाळ.

आता तुला बाजूला ठेवते भिमा. हे आरतीला.

आरती, मी तुला चोर म्हणलं. चाळीस माणसांत म्हणलं. ते परत कसं घेतात मला माहीत नाही. चाकावर पितळेवरची अक्षरं जातात, तोंडातून गेलेली जात नाहीत. पण तुझ्यावर पण माझा राग आहे. तू तेव्हा बोलली का नाहीस? एकदा म्हणायचं होतंस, वन्सं, मी तुमची बाजू घेतली होती. बोलली असतीस तरी मी ऐकलं नसतं, हे पण खरं. त्याचा पण राग आहे, आणि तो कुणावर काढू ते सापडत नाही.

दिवा तुझा आहे. आईनं दिला नाही, मी देते. भिमा त्याला पुढच्या खोलीत टीव्हीच्या भिंतीवर लावील, पाहुण्यांना दाखवायला. लावू देऊ नको. तू जिथं भाकरी करतेस तिथं लाव, आणि पाटी तुझ्या हाताकडं फिरव. अनिमेषनं बल्ब आपण होऊन बसवलाय, तांबड्या कापडाची वायर त्याच्याच आवडीची, मला विचारलं नाही. चिंच लावून घासू नको. टाकी मी काळीच ठेवली आहे. आईच्या बोटांचा मळ आहे तो, त्याला चाक लावलं नाही.

मी आपण होऊन येणार नाही. बोलवलं तर येईन. भिमाला म्हणावं, अक्षदा घेऊन यायची गरज नाही. फोन पुरे. तू केलास तरी चालेल.

आता खोकं उघडा. पाटीवर भेटच्या आधी एक गुळगुळीत चकाकती जागा दिसेल. तांबट म्हणाला होता, आण, पुन्हा ठोकून देतो. मी नको म्हणलं. त्याचा हात कापतो, आणि पुसलं मी, तर लिहायचं पण मीच. पितळेवर मला जमत नाही, म्हणून इथं लिहिते. मधलं अक्षर अवघड आहे. दुसऱ्या कागदावर चारदा गिरवून बघितलं.

सौ. आरती हिस,
नणंद गोजरकडून,
सप्रेम